दोघांतला एक

बहीण नव्हे हो सिस्टर, जाऊ. धाकटी जाऊ माझी. सगळ्यांना आम्ही बहिणीच वाटतो — एकत्र राहून राहून चेहरे सारखे झाले असतील, दुसरं काय. बसा ना, उभ्या कशाला, ती खुर्ची ओढून घ्या. तिचा एक पाय हलतो, पण पडत नाही ती. धाकटी झोपलीय अजून. दुपारची चांगली गाढ झोपते, उठवायचं नाही, आपणहून उठली की तोंडावर पाणी, मग औषध, मग केस विंचरायचे — बाकी काय वाट्टेल ते विसरेल, केस विसरत नाही. एजन्सीतल्या बाईंनी सांगितलं असेल ना तुम्हाला सगळं? नाही? वय झालंय, विसरते — एवढंच? बरं. म्हणजे मलाच सांगायला हवं. तुमच्या आधी जी यायची ना, ती आठवडाभरात रडत रडत गेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मीही म्हटलं, कशाला घरातलं बाहेर. चहा घ्या. साखर त्या डब्यात.

तो फोटो बघताय? तेच ते जहाज. लढाईच्या दिवसांतलं. दोघेही त्याच्यावर होते — माझे हे आणि तिचे, म्हणजे माझे धाकटे दीर. कागदोपत्री काहीतरी भलंमोठं नाव होतं त्याला, कुठल्याशा राजाचं, पण ते नाव फक्त कप्तान घ्यायचा, तेही वरचे अधिकारी आले की. बाकी सगळे पाणकोंबडी म्हणायचे. लाट आली की डोकं खाली शेपूट वर, लाट गेली की डोकं वर शेपूट खाली — तशीच दिसायची. फोटोत बरी दिसते जरा. मुळात घाईघाईत बांधलेलं जहाज ते, मासे धरायच्या मोठ्या बोटीचाच सांगाडा, पुढे एक तोफ चिकटवली, मागे सुरुंगाच्या दारूची पिंपं ठेवली, झाली लढाईची तयारी. काम काय? राखण. मालाची जहाजं निघायची ना ताफ्यानं — धान्य घेऊन, तेल घेऊन, कोळसा घेऊन — ओळीनं, संथ, आणि पाणकोंबडीनं त्यांच्याभोवती घिरट्या घालायच्या, मेंढरांभोवती कुत्रं फिरतं तशा. खाली पाण्यात पाणबुड्या टपलेल्या. पाणबुडीचा माग लागला की मागून ती पिंपं पाण्यात ढकलायची, खोल गेली की आपोआप फुटतात ती. आमचे हे खाली बॉयलरच्या खोलीत, भट्टीवर. आणि धाकटे वर, अगदी मागच्या टोकाला, त्या पिंपांपाशी. एवढं लक्षात ठेवा — हे खाली, ते वर. त्याच्यावरच पुढचं सगळं आहे.

एका जहाजावर दोघे कसे? सासूबाईंनी घातलं. हे आधीपासून होते, धाकट्यांना बोलावणं आलं तेव्हा सासूबाई ह्यांना म्हणाल्या, त्याला तुझ्याच जहाजावर घे बाबा, नजरेसमोर राहील. नजरेसमोर! एक तळाशी कोळशाच्या धुरात, दुसरा टोकाला वाऱ्यात — जेवणाच्या रांगेत भेट व्हायची एकमेकांची, तीही झाली तर. पण ह्यांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून करवून घेतलं ते. आईचा शब्द. पुढे कधी बोलले नाहीत त्याबद्दल — सासूबाईही बोलल्या नाहीत. मी तर नाहीच.

धाकटे म्हणजे — काय सांगू — घरात शिरले की घर हसायला लागायचं. कप्तानाची नक्कल करायचे. तो कप्तान लढाईच्या आधी फेरीबोट चालवायचा, ह्या काठावरून त्या काठावर, तर म्हणे पाणबुडी आली तरी हा सवयीनं ओरडतो — सावकाश, सावकाश, ढकलाढकली करू नका, सगळ्यांना जागा मिळेल! असं करून दाखवायचे की सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं हसून. माझे हे कोपऱ्यात बसून नुसते गालातल्या गालात. दोघे रजेवर एकदमच यायचे, त्यामुळे घरात एकदम दोन माणसं आणि मग एकदम शून्य. जाताना धाकटी दारात रडायची, मी आत भांडी आवरत बसायची. स्वभाव असतो एकेकाचा.

एकदाच — पहिल्याच हिवाळ्यात — धाकटे आले ते हसले नाहीत. म्हणजे हसले, सगळ्यांसमोर नक्कलबिक्कल झाली, पण मग मोरीपाशी हात धूत उभे राहिले. धुतायत आपले, धुतायत. मी म्हटलं, भाऊजी, कातडी निघेल. तर म्हणाले, वहिनी, तेलाचं जहाज पेटलं हो आमच्यासमोर. माणसं पाण्यात होती. आम्हाला थांबायचा हुकूम नव्हता, थांबलं की आम्हीही जातो, म्हणून मधूनच गेलो. आणि म्हणाले — वहिनी, माणसं हात कसा करतात माहितीये? बस थांबवायला करतो ना आपण, तसाच. अगदी तसाच. मग टॉवेल मागितला माझ्याकडे. हिला सांगू नका म्हणाले. मी नाही सांगितलं. आजवर नाही सांगितलं, आता तुम्हालाच सांगतेय पहिल्यांदा, कशाला सांगितलं कोण जाणे. चहा निवतोय तुमचा.

तर जहाज गेल्याचं कळलं ते बंदराच्या कचेरीतून. रोजच जायचो आम्ही दोघी, आलटून पालटून, एकजण रॉकेलच्या रांगेत, एकजण कचेरीच्या. त्या दिवशी दोघी एकदमच होतो. खिडकीतला कारकून ओळखीचा झालेला, एरवी मान हलवायचा नुसती, नाही म्हणून. त्या दिवशी म्हणाला, आत या. आत या म्हटल्यावर काय ते कळतंच. आम्हाला बाकावर बसवलं त्यानं आणि म्हणाला, तुमची पाणकोंबडी बुडाली — तोही पाणकोंबडीच म्हणाला — थोडी माणसं वाचली. दूरच्या बंदरात उतरवलीत, तिथल्या इस्पितळात आहेत. आणि तुमच्या घरातला एकजण त्यांत आहे. एकजण? म्हटलं, कोण? तारेत नुसतं आडनाव आणि पुढे एक अक्षर आलेलं. आता आमच्या सासूबाईंची हौस अशी की दोन्ही मुलांची नावं एकाच अक्षरावरून! लहानपणी किती कौतुक असेल त्याचं. नंबर असतो म्हणे प्रत्येकाचा, तो मधेच कुठेतरी गळला. परत विचारा म्हटलं. विचारलंय म्हणाला, पण तारा तुटल्यात, उत्तर येईल तेव्हा येईल. चांगला माणूस होता बिचारा. म्हणाला, अभिनंदन म्हणू की काय म्हणू तेच कळत नाही हो मला.

मग घरी आलो. दोघी. आणि सिस्टर, त्यानंतरचे जे दिवस गेले ना — किती ते मोजले नाहीत, साबणाची एक वडी संपली आणि दुसरी निम्मी झाली एवढं आठवतंय — ते दिवस मी कुणालाच समजावून सांगू शकलेली नाही. एकाच स्वयंपाकघरात दोघी. दोघींतली एक विधवा आहे, कोणती ते माहीत नाही. माझा जगू दे म्हणावं तर तिचा मरू दे म्हटल्यासारखं. मनात काही यायच्या आत ते दाबायचं. डोळ्याला डोळा द्यायची भीती — न जाणो, मनातलं दिसेल. आणि मग काय, आम्ही एकमेकींशी इतक्या सभ्यपणे वागायला लागलो! गरम पाणी आधी तू घे — नाही ताई, तुम्ही घ्या. बटाट्यातला मोठा तुकडा तिच्या ताटात, ती माझ्या ताटात, मी परत तिच्या. शेवटी तो सासूबाईंच्या ताटात जायचा आणि त्याही खायच्या नाहीत. दोघांचे सदरे मी धुवायची, ती इस्त्री करायची, दोघांचेही, एकावर एक ठेवायची. झोपायला तिघी एका खोलीत, सासूबाई मधे. त्यांची तर आणखीनच पंचाईत. मुलगा गेलेलाच, आणि मुलगा आहेही. कोणाला मागायचा? आई कोणाला मागेल? मला हाक मारताना तिचं नाव यायचं, तिला मारताना माझं, आणि मग ओठ मिटून बसायच्या, जणू काही निवड करून बसल्या चुकून.

एकदा भांडी घासताना धाकटी एकदम म्हणाली, ताई, मी मागू तरी काय? मी म्हटलं, काही मागू नकोस, तो तवा दे इकडे.

पण रस्ता काही गप्प बसत नाही ना. आमच्या कोपऱ्यावर एक म्हातारा नावाडी राहायचा, जन्म बोटींवर गेलेला. त्याला लोकांनी विचारलं असणार. तो म्हणाला — आणि खरं तेच म्हणाला — की भट्टीवरची माणसं वर येत नसतात. टॉर्पेडो लागला की पहिलं तेच जातं, बॉयलर, आणि तिथली शिडी अरुंद. वरच्याला उडी तरी मारता येते. झालं. दुसऱ्या दिवसापासून कोळशाच्या रांगेत बायका मला पुढे सोडायला लागल्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बाजूला व्हायच्या. दूधवाला माझ्याकडे बघायचा नाही. आणि धाकटीनं माझी कामं करायला सुरुवात केली. पहाटे उठून बघावं तर बंब पेटवलेला, झाडलेलं, पाणी भरलेलं. एकदा म्हणाली, ताई, बसा, तुमचे केस विंचरते. मी बसले. तिच्या हातांना माया होती हो — पण ती कसली माया ते मला कळत होतं. तिनं मनात ठरवलं होतं. तिला दोष नाही देत मी, जगानंच ठरवलं होतं, तिच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला होता नुसता. लपवायची बिचारी. पण गालावरचा रंग कसा लपवणार?

मग मीही ठरवलं. एका दुपारी कोळशाच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसले आणि त्यांना — काय म्हणतात — पोचवलं. मनातल्या मनात. लग्नापासूनचं एकेक आठवलं, एकेक बाजूला ठेवलं. त्यांचं शीळ घालणं, त्यांच्या पाठीवरचा तो भाजल्याचा डाग, झोपेत बडबडणं. सगळं. रडले. पोटभर रडले, आवाज न करता. उठले तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या. आत आले आणि त्यांचा हिवाळ्यातला जाड कोट काढला, तो धोबीखान्याच्या रखवालदाराला दिला, त्याच्याकडे नव्हता कोट. चांगला कोट होता. आता तुम्ही म्हणाल, घाई केली. घाई नाही हो. न कळण्यापेक्षा ते बरं होतं. एकदा मेले म्हटल्यावर मला भूक लागायला लागली.

आणि मग आले ते. हेच. माझे.

दुपारची वेळ. मी मागे चादर पिळत होते. दार वाजलं, धाकटी धावली — आता ती धावणारच, तिचेच येणार होते ना — आणि मग काहीच आवाज नाही. मग तिचा आवाज आला. आतून, व्यवस्थित, जरासुद्धा कापला नाही. भाऊजी, आत या, पिशवी द्या इकडे. आणि मग मला हाक — ताई, तुमचे आलेत.

बस. एवढंच. तुमचे आलेत.

मी काय केलं माहितीये? ती चादर पिळून पूर्ण केली. झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग बाहेर आले. खुर्चीत बसलेले, इस्पितळातले कपडे अंगावर, हाताला फडकं, इतके वाळलेले की कॉलर मानेभोवती फिरत होती. म्हणाले, कशी आहेस? मी म्हटलं, बरी आहे, हात धुऊन घ्या. आणि मला — सिस्टर, मला काहीच वाटलं नाही. वाटेल म्हटलं, आता वाटेल, जेवण वाढताना वाटेल, उद्या वाटेल. लोक येत होते, नशीबवान आहेस म्हणत होते, मी हो हो म्हणत होते. समोर माणूस जेवतोय, माझाच आहे, ओळखते मी, पण मी त्याला पोचवून आलेय. परत कसं आणायचं ते मला येत नव्हतं. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दुसऱ्याचं नाव घेऊन रडल्या. धाकटीनं त्या दिवशी स्वयंपाक केला. मीठ बरोबर पडलेलं. तेवढं आठवतं मला.

संसार? झाला की. मुलगा झाला — तोच तुमच्या पगाराचं बघतो, लांब असतो तिकडून, फोन येतो त्याचा. चांगला आहे. ह्यांनी भट्टीचं काम परत केलं नाही, ट्राम डेपोच्या फाटकावर लागले, वरचं, उजेडातलं काम. त्या रखवालदाराच्या अंगावर स्वतःचा कोट दिसला एकदा त्यांना. रोजच्या रस्त्यावरच होता तो. घरी येऊन काही म्हणाले नाहीत, मीही नाही. तो हिवाळा स्वेटरवर काढला त्यांनी. भांडण कधी नाही आमचं. पाहुण्याशी कोण भांडतं?

बोलायचे ते धाकटीशी. डेपोतून आले की स्वयंपाकघरात, ती कणीक मळायची, भाजी चिरायची, हे स्टुलावर. मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत असायची — लोकांचे कपडे घ्यायची मी इस्त्रीला — आणि दार काही बंद नसायचं. लोक बोलले तसं काही नव्हतं. बोलले ना, रस्ताच तो. पण मला माहीत होतं, तसं काही नव्हतं. दोघांचं एकच माणूस गेलेलं, तेवढंच. मला त्यांनी कधी सांगितलं नाही जहाज कसं गेलं ते, आणि मी विचारलं नाही. जे कळलं ते दारातून. वर्षानुवर्षं तेच, तेच. ताफ्यातलं एक जहाज मागे पडलं होतं, इंजिन बिघडलेलं. बाकीचे पुढे गेले आणि पाणकोंबडीला सांगितलं, तू थांब त्याच्याजवळ. सकाळची वेळ, धुकं. त्या बंद जहाजाभोवती ही एकटी गोल गोल. त्यावरचे लोक कठड्याला टेकून पाणकोंबडीवरच्यांना हात करायचे, धाकटे इकडून कप्तानाची नक्कल करायचे त्यांच्यासाठी. ह्यांचा हात भट्टीच्या दाराला भाजला म्हणून वरिष्ठानं वर पाठवलं, जा, आचाऱ्याकडून काहीतरी लावून घे. आचाऱ्याची खोली पुढच्या टोकाला. तिथे हे हात पुढे करून उभे होते. तेवढ्यात त्या जहाजाचं इंजिन सुरू झालं, भोंगा वाजवला त्यांनी, सगळे आनंदानं ओरडले — आणि तेव्हाच टॉर्पेडो बसला. बरोबर मधे, बॉयलरच्या खोलीवर. म्हणजे नावाडी खोटं नव्हता बोलला, भट्टीवरचं कुणी नाही आलं वर. हे आधीच वर होते, एवढंच.

दोन तुकडे झाले जहाजाचे. पुढचा एक, मागचा एक, मधे पाणी. दोन्ही तरंगत होते थोडा वेळ. हे पुढच्यावर, तुटलेल्या कडेशी. आणि मागच्यावर धाकटे. दिसत होते म्हणे स्पष्ट. ती पिंपं होती ना — जहाजाबरोबर बुडाली की खाली जाऊन तीही फुटणार, आणि पाण्यात जी माणसं असतील त्यांच्या पोटातलं सगळं फाटणार. ती फुटू नयेत म्हणून प्रत्येकाला एक किल्ली फिरवून बंद करावं लागतं. तर धाकटे एकेका पिंपापाशी वाकून किल्ली फिरवतायत. बाकीच्यांनी उड्या टाकल्या. हे इकडून ओरडतायत, उडी मार, अरे उडी मार. त्यांनी मान वर केली, हात केला आणि म्हणाले — आलो रे दादा, दोनच राहिलीत.

मग ते टोक उभं झालं आणि गेलं. आणि खालून दोन धक्के आले. दोनच. आमच्या ह्यांच्या पोटाचं दुखणं जन्मभर राहिलं ते त्या दोन धक्क्यांचं. पण सगळी फुटली असती तर एकही माणूस परत येता ना. ते मालाचं जहाज गेलं निघून. थांबायचा हुकूम नव्हता त्यांनाही. कठड्याला टेकलेले लोक बघत होते, टोप्या काढून. कुणाचंच काही चुकलं नाही. नंतर दुसऱ्या राखणीच्या बोटीनं उचललं ह्यांना.

धाकटी रोज तेवढंच विचारायची. आलो म्हणाले? — आलो रे दादा म्हणाला. — कसं म्हणाले, घाबरून? — नाही, आई जेवायला हाक मारायची ना तेव्हा म्हणायचा, तसं. — मग कसं म्हणाले, म्हणून दाखवा. आणि हे म्हणून दाखवायचे. भावाच्या आवाजात. आमच्या ह्यांना नक्कल येत नव्हती कसलीच, पण ते तेवढं यायचं. मी इस्त्री फिरवत राहायची. एक-दोन सदरे जळले माझ्या हातून.

तिला मागण्या आल्या नाहीत का? आल्या. तरुण होती, देखणी होती. ट्रामचा एक ड्रायव्हर तर रोज फाटकावर ह्यांना गाठायचा. मी एकदा म्हटलं तिला, का नाही म्हणतेस? तर म्हणाली, ताई, मला कुणी गेले म्हणून सांगितलंच नाही हो. आलो म्हणाले, एवढंच ऐकलंय मी. म्हणजे बघा — जिचा परत आला तिनं पोचवून टाकलेला, आणि जिचा गेला तिनं पोचवलाच नाही. काय म्हणायचं ह्याला.

हे गेले तेव्हाही तसंच. म्हातारपणानं गेले, पलंगावर, तक्रार नाही. धाकटी इतकी रडली की शेजारच्या गल्लीतल्या बायका तिलाच मिठी मारून, तिचंच सांत्वन करून गेल्या. नव्या होत्या त्या, त्यांना काय माहीत. मी आत चहा करत होते सगळ्यांसाठी. त्यांची चूक मी काही सुधारली नाही.

हां. तर आता तुमच्या कामाचं. ती विसरते म्हणजे कशी विसरते — सगळं पुसून ती त्या दिवसांत जाऊन बसलीय. साबणाच्या वडीच्या दिवसांत. जाग आली की विचारणार, कचेरीतून काही कळलं का? कोणता? सुरुवातीला मी खरं सांगायची. अगं, तुझे गेले, किती वर्षं झाली. तर प्रत्येक वेळी तिला ते पहिल्यांदाच कळायचं. रोज. ती तुमच्या आधीची होती ना, तिनंही खरंच सांगितलं बिचारीनं, आणि ते रडणं तिला बघवलं नाही. डॉक्टर म्हणाले, काहीही सांगा हो, शांत राहू दे. म्हणून मग मी एके दिवशी म्हटलं — तुझे आलेत. बंदरावर उतरलेत, येतायत. म्हटलं, एकदा तरी आनंद होऊ दे तिला.

झाला नाही हो आनंद. म्हणजे झाला, चेहरा उजळला, तो जुना रंग आला गालावर — आणि लगेच गेला. माझ्याकडे बघितलं तिनं. म्हणाली, ताई… मग तुमचे? आणि उठली. तिला उठता येत नाही एरवी आधाराशिवाय. उठून आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडली. माझ्यासाठी. ताई, मी आहे, ताई, मी आहे तुम्हाला, असं म्हणत. मला वाटलं होतं थांबवावं. पण मग मी — कुणी कधी धरलं नव्हतं ना मला असं. मी त्यांच्यासाठी रडले ती पायरीवर, एकटी, आणि पुढे रडायचं कारणच उरलं नाही, माणूस समोर जिवंत. तिच्या हातांत असताना मला — जरासं काहीतरी. नाव नाही सांगता येत. आता रोज तेच होतं. रोज दुपारी. मी काही मुद्दाम — नाही, मुद्दाम नाही म्हणत, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. शांत झोपते ती त्यानंतर. पण तिच्यासाठीच आहे का ते सगळं, असं तुम्ही विचारलंत तर —

विचारू नका.

खुडबुड ऐकू आली ना? उठली. जा तुम्ही. पाणी आधी, मग औषध. आणि हे बघा, तिनं विचारलं तर तुम्ही काही सांगायचं नाही. ताईंना विचारा म्हणायचं. ते माझं काम आहे, ते मी करते. नको, कप राहू दे, मी विसळते. जा. आणि जाताना दार लोटून घ्या.